खळग्यातलं इंग्रजी

खुणा

रुझामावशीच्या प्रतीत तीनच खुणा असत.

/ म्हणजे श्वास. नट इथे श्वास घेतो आणि पुढे जातो. आपण काही करायचं नाही.

= म्हणजे नटाची स्वतःची शांतता. ती त्याची आहे. घर पेटलं तरी आपण तोंड उघडायचं नाही.

○ म्हणजे विसरला. वाक्य द्या.

एक्केचाळीस वर्षं ती आमच्या शहरातल्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला असलेल्या खळग्यात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. "वाक्य काय, कुणीही देईल," ती म्हणायची. "= आणि ○ यांतला फरक कळायला मला नऊ वर्षं लागली. तोपर्यंत मी तीन नटांचं वाटोळं केलं होतं."

ही गोष्ट एका माणसाच्या एका शांततेची आहे. ती = होती की ○, एवढाच प्रश्न होता. आणि त्या माणसाची नोकरी त्यावर होती.

पात्रं

मी. झोर्नित्सा. दिवसा शाळेत इंग्रजी शिकवते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनघराच्या, म्हणजे शहरातल्या ग्रंथालय-सभागृहाच्या, रंगमंचावर मोठ्या माणसांचा वर्ग घेते.

बिस्त्रा. पार्लरवाली. माल्टाला जायचंय, कधी ते ठरलेलं नाही. चुकीचं बोलते, पण भरपूर.

औषधाच्या दुकानातल्या दोन बहिणी. येतात तेव्हा दोघी येतात, नाही तेव्हा दोघीही नाही. या गोष्टीत त्यांना वाक्य नाही.

स्तोइमेन. चोपन्न वर्षांचा. एकोणतीस वर्षं डॅन्यूब नदीवर बार्जेस, म्हणजे इंजिन नसलेल्या सपाट मालबोटी, ढकलत होता. टग बोटीपुढे सहा-सहा बार्जेस, त्यांत खनिज, कोळसा, कधी मका. बार्जेस बोलत नाहीत, त्यामुळे स्तोइमेनलाही बोलायची सवय राहिली नव्हती. सप्टेंबरमध्ये त्याची कंपनी बंद पडली. प्रवासी जहाजं चालवणारी दुसरी एक कंपनी त्याला दुय्यम कप्तान म्हणून घ्यायला तयार होती, पण मार्चमध्ये इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झाला तर. वीसपैकी चौदा गुण. परीक्षा म्हणजे नाटकच: जहाजावर धूर झालाय, परीक्षक घाबरलेला प्रवासी होऊन बसणार, आणि याने इंग्रजीत बोलत त्याला वरच्या डेकवर न्यायचं. कंपनीने दोन पानांचा संवाद छापून पाठवला होता.

नापास झाला तर मेहुण्याच्या हरितगृहात काकड्या. ते नदीपासून नव्वद किलोमीटरवर.

पहिल्या दिवशी तो टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. "बाई, मला नदी सोडून काही येत नाही," तो म्हणाला. "आणि नदीला इंग्रजी येत नाही."

नोव्हेंबर

शाळेत मी व्याकरण शिकवते, तिथे शिकवावंच लागतं. वाचनघरात मी लोकांना उभं करते. दोन वर्षांपूर्वी वार्नाला उन्हाळी प्रशिक्षणात हे शिकून आले. आरसा: एकाने हलायचं, समोरच्याने तसंच हलायचं, आणि दोघांनी काय करतोय ते इंग्रजीत सांगायचं. पुतळे: अंगाने एखादा प्रसंग उभा करायचा, मग ज्याच्या खांद्याला मी हात लावेन त्याने मनातलं एक वाक्य बोलायचं. बरळणं: आधी अर्थ नसलेल्या आवाजात भांडायचं, मग तेच भांडण इंग्रजीत. भांडणारा माणूस क्रियापदाचं रूप शोधत बसत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

आरशाच्या खेळात मी स्तोइमेनला बिस्त्रासमोर उभं केलं. तिने हात वर केला. तिने मान तिरकी केली. तिने एका पायावर उडी मारली. स्तोइमेन ढिम्म.

"बाई," बिस्त्रा म्हणाली, "हा आरसा नाही, हा आरशामागची भिंत आहे."

मानेचं एक प्रकरण पहिल्याच आठवड्यात मिटवावं लागलं. आमच्या देशात जगाच्या उलट, आम्ही हो म्हणताना मान आडवी हलवतो, नाही म्हणताना वर उडवतो. परदेशी प्रवाशाने "दार इकडे आहे का?" असं विचारलं आणि स्तोइमेनने सवयीने मान हलवली, तर अर्धं जहाज आगीकडे चालत जाईल. म्हणून नियम केला: इंग्रजी बोलताना मान बांधलेली. बिस्त्राने एकदा खरोखरच त्याच्या गळ्याभोवती तिची शाल करकचून आवळली. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. पण मान न हलवता.

रुझामावशी

ती वर्गासाठी आली नव्हती. हीटरसाठी आली होती. वाचनघराचं सभागृह उबदार असतं, तिचं घर नसतं. तिसऱ्या रांगेत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायची, टरफलं नीट खिशात ठेवायची.

एका गुरुवारी बिस्त्रा हॉटेलात खोली मागत होती आणि अर्ध्यावर अडली. हात हवेत, तोंड उघडं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून वाक्य आलं. इंग्रजीत, पूर्ण, अचूक. कुजबुजीतच, पण ती कुजबुज सरळ रंगमंचावर येऊन पोचली. पहिल्या रांगेत बसलेल्या मलाही ती जेमतेम ऐकू आली.

"मावशी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"एक शब्द नाही." तिने एक बी फोडली. "ही बया हे वाक्य तीनदा बोललीय. मला काय कान नाहीत?"

पुढच्या मंगळवारी ती खळग्यात होती. आमच्या रंगमंचाला जुन्या पद्धतीचा खळगा आहे, वर लाकडी टोपण. कित्येक वर्षं त्यात नाताळच्या सजावटीची खोकी पडून होती. ती तिने एकटीने बाहेर काढली होती, खाली उशी टाकली होती, आणि सगळ्यांचे इंग्रजी संवाद आपल्या लिपीत उतरवून त्याची एक प्रत केली होती. अर्थ एकाचाही माहीत नाही. पण कोण कुठे श्वास घेतो आणि कोण कुठे अडतो ते सगळं तिच्या पेन्सिलीत होतं.

डिसेंबर संपेपर्यंत सगळे घडाघडा बोलायला लागले. स्तोइमेनसुद्धा. मी घरी जाताना गाणं गुणगुणायची.

फरशी

जानेवारीत एका मंगळवारी लोकनृत्यवाल्यांनी रंगमंच घेतला. आम्ही वरच्या मजल्यावर ग्रंथालयाच्या खोलीत गेलो.

बिस्त्रा उभी राहिली. तिने तोंड उघडलं. मग तिने खाली पाहिलं, पुढे, किंचित डावीकडे. तिथे फरशी होती.

"मला... मला हवी..." आणि पुन्हा फरशीकडे.

पहिली बहीण उठली, तिने खाली पाहिलं, किंचित डावीकडे. दुसरीनेही. स्तोइमेन उठला आणि फरशीकडे असा पाहत राहिला, जणू तिला भोक पडून आत्ता पाणी वर येणार होतं. दोन महिने मी ज्याला इंग्रजी समजत होते ते इंग्रजी खालच्या मजल्यावर, एका खळग्यात, उशीवर बसलेलं होतं.

वर्ग लवकर सोडला. रुझामावशी खाली सभागृहातच हीटरजवळ बसली होती, तिला गाठलं.

"मावशी, तुम्ही त्यांना पांगळं केलंत."

"मी?"

"ते विचारच करत नाहीत. खाली बघतात."

"नट खालीच बघतात, पोरी. वर बघून कुणाला काय मिळालंय?"

"हे नट नाहीत."

"मग त्यांना रंगमंचावर कशाला उभं करतेस?"

मी जरा जास्तच कडक बोलले. गुरुवारपासून खळगा बंद, म्हटलं. हीटरजवळ बसा, ऐका, पण आवाज नाही.

ती थोडा वेळ प्रतीच्या कोपऱ्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "खुणा करू?"

"खुणा करा."

"बरं. खुणा करते."

अकरावी ओळ

पुढचे तीन आठवडे ऐकवत नव्हते. सगळे अडायचे, चुकायचे, हात हलवून भागवायचे. पण हळूहळू चुका त्यांच्या स्वतःच्या व्हायला लागल्या. बिस्त्रा एकदा शब्द न सुचल्यामुळे साबणाला "हात धुवायचा दगड" म्हणाली, आणि मला तिला मिठी मारावीशी वाटली. माना वर आल्या. फरशीकडे कुणी बघेना.

फक्त स्तोइमेन बघायचा, आणि तोही एकाच जागी.

कंपनीच्या संवादात अकरावी ओळ अशी होती: प्रवासी घाबरून विचारतो, "काही होणार नाही ना?" आणि कप्तान म्हणतो, "काळजी करू नका. सगळं ठीक होईल." बास. पहिल्या महिन्यात शिकवायची वाक्यं. तिथे आला की स्तोइमेन थांबायचा, खाली पाहायचा, आणि मग बाराव्या ओळीवर उडी मारायचा. त्या ओळीला चार गुण होते.

मी सगळे उपाय केले. ते वाक्य त्याच्याकडून गाऊन घेतलं. रागाने म्हणवून घेतलं. खुर्चीला उद्देशून म्हणवलं. बिस्त्राच्या पाठीला पाठ लावून बसवलं आणि कुजबुजायला लावलं. सुटं वाक्य तो कसंही म्हणायचा, उच्चार उत्तम. धूर झाला, प्रवासी ओरडला, प्रसंग सुरू झाला, की ○.

फेब्रुवारीच्या मध्यात रुझामावशीने मला प्रत दाखवली. अकराव्या ओळीशी तिने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता.

"एकोणीस," ती म्हणाली. "नाट्यगृहात असतं तर मी दिग्दर्शकाला सांगून ही ओळच कापायला लावली असती. आहे काय तिथे?"

मी अर्थ सांगितला.

"आणि तुझ्या त्या खुर्चीला म्हणतो?"

"खुर्चीला म्हणतो."

"बोटीच्या प्रसंगात म्हणत नाही."

"नाही."

तिने पर्समधून खोडरबर काढलं. "पोरी, मी एकोणीसदा चुकीची खूण केली. माणूस एकाच जागी एकोणीसदा विसरत नाही. कप्तान! इकडे ये जरा."

स्तोइमेन आला.

"इथे तू विसरतोस?"

त्याने खाली पाहिलं.

"खरं सांग. मी तुझी आई शोभत नसेन, पण मोठी बहीण नक्की शोभते."

"नाही विसरत, मावशी."

"मग?"

"पाण्यावर असं बोलत नाहीत." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळं ठीक होईल, असं. केव्हा पोचू तेही सांगत नाहीत. बायकोलाही नाही. घरी आलं की म्हणायचं, आलो. संपलं. बापाने मला शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. बोटीवर कुणी चुकून बोललाच, तर त्या दिवशी आचारी त्याला वाढत नाही."

"एक मिनिट," बिस्त्रा म्हणाली. "मग एकोणतीस वर्षं तुझी बायको जेवण केव्हा गरम करायचं हे कसं ठरवते?"

"करतच नाही गरम."

सगळे हसले. मला हसू येईना. मी वीसातून चार वजा करत होते, आणि त्याच्या बाकीच्या इंग्रजीचा मला तेवढा भरवसा नव्हता.

"हे बघा," मी म्हटलं, "हे नाटक आहे. तुम्ही नाही बोलत, तुमचं पात्र बोलतंय. मी परवाच बिस्त्राला राणी केलं होतं, ती आज पार्लरमध्ये केस कापतेच आहे ना?"

"बाई, तुमच्या रंगमंचाखाली लाकूड आहे."

"आहे ना. मग?"

त्याने पायाने फळी दोनदा ठोकून पाहिली. विचार केला.

"मग इथे म्हणतो," तो म्हणाला. आणि म्हणाला. प्रसंगात, धुरात, बिस्त्राच्या किंकाळीनंतर, सरळ डोळ्यांत बघून: काळजी करू नका, सगळं ठीक होईल. बिस्त्राने टाळ्या वाजवल्या. परीक्षा बंदराच्या कार्यालयात होती, दुसऱ्या मजल्यावर. तिथेही खाली फरशीच. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

रुझामावशीने त्या दिवशी अकराव्या ओळीशी कुठलीच खूण केली नाही. जागा कोरी ठेवली.

पत्र

चार मार्चला कंपनीचं पत्र आलं. कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर रंगकाम चालू असल्यामुळे परीक्षा जहाजावर होईल.

"जहाज धक्क्याला बांधलेलं आहे," मी स्तोइमेनला म्हटलं. "हिवाळाभर हललेलं नाही."

"हो."

"दोर आहेत, साखळ्या आहेत. जमिनीसारखंच."

"खाली पाणीच ना, बाई."

"म्हणाल ना पण?"

त्याने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "बघू," तो म्हणाला. नदीवरच्या माणसाच्या "बघू"चा अर्थ आमच्याकडे कुणी विचारत नाही. मान बघावी तर ती मीच बांधून ठेवलेली.

जहाज

शिक्षकाला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. रुझामावशीने माझ्याकडून एका कागदावर "सहायक" असं लिहून घेतलं, चांगला कोट घातला, प्रत बगलेत घेतली आणि माझ्या आधी जहाजावर चढली. जहाजाचं जेवणघर रिकामं होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. आम्ही शेवटच्या टेबलाशी दोन खुर्च्या सरळ करून बसलो.

परीक्षक हॉलंडची होती, मार्येके नावाची, साठीच्या आसपासची, आडवी आणि रोखठोक. तिने चष्मा काढला, केस विस्कटले, आमच्याकडे पाठ करून एका कोचावर अंग टाकलं आणि खोकायला लागली. इतकं खरं खोकली की एका खलाशाने दारातून डोकावून पाहिलं. ही बाई माझ्या वर्गात हवी होती, मी मनात म्हटलं.

इंग्रजी होतं, मी अर्थ देते. मोडकं होतं तिथे मोडकं.

मार्येके: काय झालंय? हा कसला धूर?

स्तोइमेन: बाईसाहेब, मी दुय्यम कप्तान. / हे जाकीट घाला. / असं नाही. उलट.

मार्येके: माझा नवरा वर आहे! मी त्याच्याशिवाय कुठेही येणार नाही.

स्तोइमेन: माझा माणूस वर जातो. नवऱ्याला आणतो. / तुम्ही चालता का? पाय बरा?

मार्येके: पाय बरा आहे. मी घाबरलेय. तुम्ही सांगा ना मला. काही होणार नाही ना?

अकरावी ओळ.

स्तोइमेन थांबला.

दोर ताणल्याचा आवाज आला. जहाज आणि धक्का यांच्या फटीत पाणी चुबुक चुबुक करत होतं. त्याने खाली पाहिलं, पुढे, किंचित डावीकडे. तिथे गालिचा होता. गालिच्याखाली पोलाद, आणि पोलादाखाली ते.

मार्येकेची पाठ आमच्याकडे होती, त्याचं तोंड. मला आवाज काढायची गरजच नव्हती. नुसते ओठ हलवले असते तरी त्याने वाचलं असतं. चार गुण माझ्या जिभेवर होते. नव्वद किलोमीटर, काकड्या, सगळं जिभेवर होतं. मी, जिने रुझामावशीला खळग्यातून उठवलं होतं, मी तोंड उघडलं.

माझ्या मनगटावर हात पडला. बियांचा वास असलेला, हाडकुळा, घट्ट. मी वळून पाहिलं. रुझामावशी माझ्याकडे बघतही नव्हती, ती त्याच्याकडे बघत होती. तिने फक्त मान वर उडवली. नाही.

=

स्तोइमेनने नजर उचलली.

"मला माहीत नाही," तो मार्येकेला म्हणाला.

=

"ही नदी मला माहीत, एकोणतीस वर्ष. हा जिना मला माहीत. सोळा पायऱ्या. तुम्ही पुढे, मी मागे. / या जहाजावरून शेवटचा माणूस मी उतरतो. नेहमी मी." त्याने हात पुढे केला. "या."

मार्येकेने हात धरला आणि उठली. ते जिन्यापर्यंत गेले, ती पुढे, तो मागे. वर पावलं ऐकू आली. मी मोजली, सोळा होती.

प्रतीत नसलेलं

खाली आल्यावर मार्येकेने चष्मा लावला आणि कागद पाहिला.

"छापलेलं वाक्य कुठे गेलं?"

"पाण्यावर नाही बोलत."

"कोण नाही बोलत?"

"मी. माझा बाप. सगळे."

"घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा लागतो, कप्तान."

"धीर देतो. खोटं नाही देतो." तो शब्द शोधत होता, पण शोधायला खाली जात नव्हता, तिच्याच चेहऱ्यात शोधत होता. "प्रवासी बघतो धूर. मी म्हणतो, सगळं ठीक. प्रवासी म्हणतो, हा माणूस आंधळा. आंधळ्याच्या मागे कोण जातो?"

"आणि कंपनीचा आग्रह असेल तर?"

"कंपनीचं कार्यालय जमिनीवर. ते म्हणू दे."

मार्येकेने पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही कोपर टेकले. मग खरी जुंपली. ती म्हणाली, तिच्याकडेही कालव्यांवर जुनी माणसं असलं काहीतरी मानायची, पण नियम तो नियम. तो म्हणाला, नियम कुणी लिहिला, तो कधी पुरात होता का? ती म्हणाली, विषय बदलू नका. तो म्हणाला, विषय पाणी आहे, मी पाण्यावरच बोलतो. मी त्याच्या चुका मोजायला लागले, अकरा मोजल्या आणि मग मोजायचं राहून गेलं.

"काय चाललंय?" रुझामावशीने कानात विचारलं.

"भांडतायत."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

तिने प्रतीची पानं उलटसुलट करून पाहिली. "हे आहे का यात कुठे?"

"नाही."

तिने प्रत मिटली आणि मांडीवर ठेवली. हात वर ठेवून बसली, नाटक बघायला आलेल्या बाईसारखी.

नंतर मार्येके त्याला शेजारच्या केबिनमध्ये घेऊन गेली. दार लागलं. पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

त्याने टोपी घातली.

=

त्याने आम्हाला पुढे व्हायची खूण केली. बाहेर डेकवर वारा होता. धक्क्यावर बिस्त्रा उभी, पार्लर बंद करून आलेली, हातात कागदात गुंडाळलेली बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची खारी.

"काय रे?" ती खालून ओरडली. "घेतलं का तुला?"

=

"अरे, मान तरी हलव!"

त्याने मान हलवली नाही. आडवी नाही, उभी नाही. शिडीवर आधी रुझामावशी, मग मी, मग तो. अर्ध्यावर रुझामावशी दम घ्यायला थांबली. / तिच्या मागे मी थांबले, माझ्या मागे तो. मी मागे वळून पुन्हा विचारणार होते. पण माझ्यापुढे एक्केचाळीस वर्षं खळग्यात बसलेली बाई होती आणि ती विचारत नव्हती, म्हणून मीही गप्प राहिले.

रुझामावशी धक्क्यावर उतरली. मी उतरले. त्याने एक पाय दगडावर ठेवला, मग दुसरा. टाच टेकवून पाहिली, जशी माझ्या रंगमंचाची फळी ठोकून पाहिली होती.

"पंधरा," तो म्हणाला. "त्या वाक्याचे चारही गेले. एक व्याकरणाचा."

"व्याकरणाचा एकच?" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

बिस्त्राने त्याला बनित्सेसकट मिठी मारली. त्याचा कोट तुपकट झाला. "केव्हापासून कामावर? केव्हा निघणार जहाज?"

स्तोइमेनने नदीकडे पाहिलं. "बघू," तो म्हणाला.

मग त्याने थोडं बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. पलीकडून काही विचारलं गेलं असेल, नसेलही. तो एकच शब्द बोलला.

"आलो."

रुझामावशीने बनित्सेचा कडेचा, कुरकुरीत तुकडा मोडून घेतला. चावता चावता प्रत उघडली, अकराव्या ओळीशी ठेवलेली कोरी जागा शोधली आणि पेन्सिलीसाठी माझ्यापुढे हात केला.